उपासनेत लहान मुलांना सोबत नेताना : इंदूरमधील नव्या पालकांसाठी

अहिल्यानगर, नाशिक किंवा नागपूरकडून नोकरीनिमित्त इंदूरला आलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांना रविवारची एक अडचण इथे नव्याने जाणवते. गावी असताना मूल चुळबुळ करू लागले, की ते आजीच्या मांडीवरून मावशीच्या मांडीवर आणि तिथून संडेस्कूलच्या ताईकडे सहज जात असे, आणि उपासना सुटेपर्यंत कोणा एकावर भार पडत नसे. इथे आईबाप दोघेच, बाकावर शेजारी अनोळखी माणसे, उपासना बहुतेक ठिकाणी हिंदीत किंवा इंग्रजीत, आणि मध्ये दोन-तीन वर्षांचे मूल. मग अनेक जोडपी आळीपाळीने जाऊ लागतात, किंवा मूल मोठे झाल्यावर पाहू असे म्हणून जाणेच थांबवतात. त्यांच्यासाठी पुढील सूचना क्रमाने दिल्या आहेत. त्यांतील बऱ्याचशा राजेंद्रनगर किंवा रामबागेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कुटुंबांनाही उपयोगी पडतील, कारण तिथेही आता आजी-आजोबा प्रत्येक घरात असतातच असे नाही.

या सूचनांमागचा विचार एकच आहे. मुलाला गप्प बसवणे हे पालकांचे काम नव्हे. उपासनेचा क्रम त्याच्या ओळखीचा करून देणे हे काम आहे. पुढे काय होणार आणि हे किती वेळ चालणार हे ठाऊक नसेल, तर मोठा माणूसही सरकारी कचेरीच्या रांगेत अस्वस्थ होतो. मग दोन वर्षांच्या मुलाने दीड तास कसा काढावा? ज्या मुलाला आता गीत होईल, मग सगळे बसतील, मग दानाची थैली फिरेल हे माहीत असते, ते मूल पूर्णपणे शांत नसले तरी सांभाळण्यासारखे असते.

वयाप्रमाणे अपेक्षा ठरवाव्यात

पहिल्या वर्षातील बाळाला शिस्त नावाची गोष्ट लागू होत नाही. त्याला दूध, झोप, कोरडे कपडे आणि ओळखीची कूस एवढेच हवे असते. एक ते तीन हा सर्वांत कठीण काळ, कारण पाय फुटलेले असतात आणि समज अजून पाठोपाठ आलेली नसते. तीन ते पाच या वयात मूल क्रम लक्षात ठेवू लागते, म्हणून खरे शिकवणे इथे सुरू होते. पाचनंतर ते वाचायला लागते आणि गीतपुस्तक हातात घेऊ शकते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी ज्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांत मुलाला बाबागाडीत, उंच खुर्चीत किंवा पाठीशी बांधून सलग एका तासापेक्षा जास्त जखडून ठेवू नये, असे म्हटले आहे. आपल्या उपासना सहसा तासाभराच्या पुढेच जातात. तेव्हा मध्ये एकदा उठून थोडे चालवून आणणे हा मुलाचा हट्ट किंवा पालकांचा कमकुवतपणा न मानता आधीच ठरवलेला भाग मानावा.

दुसरे म्हणजे, अपराधीपणाची भावना मनातून काढून टाकावी. रोमन कॅथलिक धर्मसंहितेनुसार रविवारच्या मिस्सेचे बंधन सात वर्षे पूर्ण होईपर्यंत मुलांना लागूच होत नाही, आणि तान्ह्या बाळाची देखभाल हे कारण पालकांसाठीही त्या चर्चच्या शिकवणीत सबळ मानले आहे. प्रोटेस्टंट मंडळ्यांत असा लेखी नियम नसला, तरी बाळ आजारी असताना घरी राहिलेल्या आईला कोणी पाळकसाहेब बोल लावणार नाहीत.

आधी चर्च ओळखून घ्यावे

एका चर्चमध्ये चालणारी गोष्ट दुसऱ्या चर्चमध्ये चालेलच असे नाही, आणि त्याला ऐतिहासिक कारण आहे. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला झाली, तेव्हा अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल, बाप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स आणि मेथडिस्टांचा एक गट अशा सहा परंपरा एकत्र आल्या. पाटी एकच असली, तरी रेसिडेन्सीच्या, म्हणजे इंदुरातील ब्रिटिश प्रतिनिधीच्या ठाण्याच्या, काळापासून इंग्रजी वळणाने चालत आलेल्या चर्चमध्ये छापील क्रम, उठबस आणि सामुदायिक प्रतिसाद जास्त आढळतात; तर एकोणिसाव्या शतकात कॅनडाहून आलेल्या प्रेस्बिटेरियन मिशनच्या परंपरेत वाढलेल्या मंडळीत संदेशाला मध्यवर्ती स्थान असते आणि तो लांबतोही. कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा तुलनेने नेमक्या वेळात संपते आणि तिच्यात डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी पुष्कळ असतात : मेणबत्त्या, रंगीत झगे, गुडघे टेकणे, घंटीचा आवाज. नव्या स्वतंत्र मंडळ्यांमध्ये गायन आणि वाद्ये दीर्घकाळ चालतात आणि मुलांच्या हालचालीकडे फारसे कोणी पाहत नाही, पण ध्वनिक्षेपकाचा आवाज बाळाच्या कानांना सोसवेल असा नसतो.

म्हणून मुलाला प्रथम नेण्यापूर्वी आईबापांपैकी एकाने एकट्याने जाऊन यावे. कोणता भाग किती वेळ चालतो, बाजूचे दार कुठे उघडते, व्हरांड्यात सावली आहे का, स्वच्छतागृह किती दूर आहे, पाण्याची सोय काय, संडेस्कूल उपासनेच्या आधी भरते की त्याच वेळी, एवढ्या गोष्टी पाहून घ्याव्यात. उपासना संपल्यावर पाळकसाहेबांना किंवा फादरांना भेटून, पुढच्या रविवारी लहान मुलासह येणार आहोत, असे सांगून ठेवावे. बऱ्याचदा तेच दुसऱ्या एखाद्या मुलाबाळांच्या कुटुंबाशी ओळख करून देतात, आणि पुढे आपल्याला त्या ओळखीचा सर्वांत जास्त उपयोग होतो.

आठवड्यातली तयारी

रविवारी जे घडावे असे वाटते, त्याची सवय सोमवार ते शनिवार घरी लावावी लागते. रात्री झोपण्यापूर्वीची कुटुंबाची प्रार्थना पाच मिनिटांची असली तरी पुरते. एक गीत, एक छोटी प्रार्थना, आणि शेवटी सर्वांनी मिळून प्रभूची प्रार्थना, असा क्रम रोज सारखाच ठेवावा. त्यात डोळे मिटणे, हात जोडणे आणि 'आमेन' होईपर्यंत थांबणे या तीन गोष्टी मूल खेळासारख्या शिकते. घरी कधीच न थांबलेल्या मुलाने चर्चमध्ये थांबावे, ही अपेक्षा न्यायाची नाही.

घरात गाणी मराठीच असावीत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने आजही मराठी मंडळ्यांत गायली जातात आणि त्यांची चाल मुलांच्या ओठांवर लवकर बसते. मात्र इंदूरच्या उपासनेत प्रतिसाद हिंदीत द्यायचे असतील, तर त्यांतले दोन-तीन मुलाला घरी पाठ करून द्यावेत, आणि प्रभूची प्रार्थना त्याने दोन्ही भाषांत ऐकलेली असावी. चारशे माणसे एका आवाजात म्हणत असलेले शब्द आपल्यालाही येतात, हा आनंद मुलाला जेवढा स्थिर ठेवतो, तेवढी कोणतीही दटावणी ठेवत नाही.

शनिवारी संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या पाठांतला एक उतारा गोष्टीच्या रूपाने सांगावा. ज्या चर्चमध्ये वर्षभराच्या पाठांचे कोष्टक पाळले जाते, तिथे तो आधीच कळतो. नाही तिथे पाळकसाहेबांना विचारता येते. उतारा मुलाला कळण्यासारखा नसेल, तर तो सोडून द्यावा आणि स्तोत्रसंहितेतले मेंढपाळाचे स्तोत्र पुन्हा एकदा म्हणावे.

शनिवारची रात्र आणि रविवारची सकाळ

इंदूरकरांना हे आवडणार नाही, पण लहान मूल असेल तर शनिवारी रात्री सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, जाणे बंद करावे. सराफ्याची रंगतच उशिरा चढते, मूल बाराच्या पुढे झोपते आणि रविवारी सकाळी चर्चमध्ये ते रडते तेव्हा आपण त्याच्या स्वभावाला दोष देतो. वर उल्लेख केलेल्या २०१९ च्या सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी १० ते १३ तास झोप लागते, आणि एक-दोन वर्षांच्या मुलाला ११ ते १४ तास. जत्रा, लग्न, वाढदिवस यांमुळे झोप मोडली असेल, तर त्या रविवारी अपेक्षा कमी ठेवाव्यात.

सकाळी मुलाने पोटभर खाल्लेले असावे. पोहे उत्तम, मात्र त्यावर जिरावण मसाला आणि तिखट शेव भुरभुरली, तर प्रार्थनेच्या वेळी पाणी मागण्याचे सत्र सुरू होते, हे गृहीत धरावे. कॅथलिक कुटुंबांत कम्युनियन (प्रभुभोजन) घेणाऱ्यांनी ते घेण्यापूर्वी एक तास पाणी व औषधाव्यतिरिक्त काही न खाण्याचा नियम आहे, परंतु ज्या मुलांचे पहिले कम्युनियन झालेले नाही त्यांना तो लागू नाही, तेव्हा मोठ्यांबरोबर त्यांना उपाशी ठेवू नये.

कपडे नवे असण्यापेक्षा सवयीचे असावेत. टोचणारी जरीची कॉलर, आवाज करणारे पैंजण आणि दिवे लागणारे बूट कपाटात ठेवावेत. निघण्यापूर्वी आणि चर्चमध्ये पोहोचल्यावर असे दोनदा स्वच्छतागृहात नेऊन आणावे. दहा मिनिटे आधी पोहोचावे; अर्धा तास आधी पोहोचले, तर मुलाचा निम्मा धीर उपासना सुरू होण्यापूर्वीच संपतो.

कुठे बसावे

बहुतेक पालक लाजेपोटी सर्वांत मागच्या बाकावर बसतात, आणि माझ्या मते त्यामुळे काम अवघड होते. मागे बसलेल्या मुलाला समोरच्यांच्या पाठी आणि केस यांपलीकडे काही दिसत नाही. उशिरा येणारे, फोनवर बोलायला बाहेर जाणारे आणि दाराशी उभे राहणारे मागेच असतात, म्हणून त्याचे लक्ष दाराकडे राहते. त्याऐवजी पुढून तिसऱ्या-चौथ्या ओळीत, पण बाजूच्या दाराजवळच्या टोकाला बसावे. तिथून वेदी, वाचक आणि गायकवृंद दिसतात आणि उठावे लागले तर मधल्या वाटेने सर्वांसमोरून जावे लागत नाही. ध्वनिक्षेपकाचे खोके ज्या बाजूला असेल, ती बाजू टाळावी. मे महिन्यात पंखा पाहून आणि डिसेंबरात दारातून येणारा वारा टाळून जागा निवडावी.

दोन मुले असतील, तर त्यांच्या मध्ये एक मोठे माणूस असावे. अनोळखी चर्चमध्ये एखादे आजोबा किंवा काकू आपणहून मूल मांडीवर घेऊ पाहतात. मूल जायला तयार असेल आणि ते आपल्या नजरेसमोर राहणार असेल, तर आनंदाने द्यावे, पण रडणाऱ्या मुलाला केवळ भिडेखातर दुसऱ्याच्या हाती देऊ नये.

क्रमाप्रमाणे मुलाला काय करता येते

उपासना सुरू होताच मुलाच्या कानाशी हळू आवाजात, आता काय चालले आहे आणि नंतर काय होईल, हे एकेका वाक्यात सांगत राहावे. हे कुजबुजणे शेजाऱ्यांना खटकत नाही. खटकते ते 'शूऽऽ' करणे, कारण तो आवाज चर्चच्या उंच छताखाली भलताच घुमतो.

सुरुवातीच्या गीताला मुलाला कडेवर घ्यावे किंवा बाकावर उभे करून धरावे, म्हणजे त्याचा चेहरा मोठ्यांच्या उंचीला येतो. वाचता न येणाऱ्या मुलालाही गीतपुस्तक उघडून द्यावे आणि ओळीखालून बोट फिरवावे. त्याने चुकीचे शब्द मोठ्याने म्हटले तरी दुरुस्त करू नये. पापांगिकाराच्या वेळी जिथे गुडघे टेकतात, तिथे मुलालाही टेकू द्यावे. मुलांना शरीराने करायच्या गोष्टी मनापासून आवडतात. पाठांच्या वेळी, वाचणारे काका कुठे उभे आहेत ते दाखवावे. शुभवर्तमानाला सर्व उभे राहतात, तेव्हा आधी क्षणभर मुलाला सावध करावे, म्हणजे सर्वांबरोबर उभे राहण्याचा मान त्याला मिळतो. मतांगिकार (विश्वासाची सामुदायिक कबुली) आणि मध्यस्थीच्या प्रार्थना हे भाग लहानांना लांब वाटतात. प्रत्येक विनंतीनंतर येणारा सामुदायिक प्रतिसाद मात्र तीन वर्षांचे मूलही दोनदा ऐकून म्हणू लागते.

खरी परीक्षा संदेशाची. इथे डोळ्यांना काही दिसत नाही, गाणे नाही, उठबस नाही, आणि भाषा मोठ्यांची असते. नहेम्याच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात एज्रा पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो, तेव्हा पुरुष, स्त्रिया आणि ज्यांना समजण्याची शक्ती होती असे सर्व तिथे होते, असे म्हटले आहे. समजणाऱ्यांचा वेगळा उल्लेख मला नेहमी महत्त्वाचा वाटत आला आहे. आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायातला युतुख तर चांगला तरुण होता, तरी पौलाचे भाषण लांबल्यावर खिडकीत बसल्याबसल्या झोप लागून तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलाने त्याला जिवंत उठवले, एवढ्यावर ती गोष्ट निभावली. तेव्हा संदेशाच्या वेळी चार वर्षांचे मूल पेंगले, तर त्याला झोपू द्यावे.

जे जागे राहते, त्याच्यासाठी वयानुसार तीन मार्ग आहेत. दोन-अडीच वर्षांपर्यंतच्या मुलाला संदेशाच्या मध्यावर, रडण्याची वाट न पाहता, शांतपणे बाहेर नेऊन चालवून आणावे आणि थैली फिरण्यापूर्वी परत आणावे. तीन-चार वर्षांच्या मुलाला याच वेळी, आणि फक्त याच वेळी, पिशवीतून कागद व खडू द्यावेत. शनिवारी सांगितलेल्या गोष्टीतली होडी, डोंगर किंवा मेंढरू काढायला सांगावे. उपासनेच्या आरंभीच कागद हाती दिला, तर संदेशापर्यंत त्याचे नावीन्य उरत नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलाला ऐकण्याचे काम द्यावे. उदाहरणार्थ, आजच्या संदेशात पेत्राचे नाव आले, की आईचे बोट दाबायचे. इथे एक खबरदारी घ्यावी लागते : हिंदी संदेशात पेत्र हा पतरस असतो आणि पौल हा पौलुस, तेव्हा मुलाला ते नाव आधी सांगितले नाही, तर ते बिचारे शेवटपर्यंत वाट पाहत बसते.

दानाच्या वेळी नाणे किंवा नोट मुलाच्या स्वतःच्या हाताने थैलीत टाकू द्यावी, पण ती त्याच्या हाती थैली जवळ आल्यावरच द्यावी. आधी दिलेले नाणे तोंडात जाते किंवा फरशीवर घरंगळते, आणि ते शोधायला तीन बाक वाकतात.

प्रभुभोजनाला मुलाला बाकावर एकटे सोडून जाऊ नये. बऱ्याच ठिकाणी मूल आईबापांबरोबर कठड्यापाशी येते आणि पाळक त्याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. आपल्या चर्चमध्ये काय पद्धत आहे, ते आधी विचारून ठेवावे. मला का नाही, हा प्रश्न मूल तिथेच मोठ्याने विचारण्याची शक्यता असते. त्याचे उत्तर घरी देऊन ठेवावे : तू शिकलास, की तुझे दृढीकरण किंवा पहिले कम्युनियन होईल आणि मग तुलाही मिळेल. ओठांना लावलेला प्याला हिसकण्याइतके मूल चपळ असेल, तर आईबापांनी एकामागून एक जावे.

पिशवीत काय असावे

एक छोटी कापडी पिशवी केवळ रविवारसाठी ठेवावी आणि आठवडाभर ती मुलाला देऊ नये. त्यात दोन जाड खडू, कोरे कागद, बायबलमधील चित्रांचे एक जाड पानांचे पुस्तक, कापडी बाहुली किंवा मऊ प्राणी, पाण्याची झाकणबंद बाटली, रुमाल आणि बदलायचे कपडे एवढे पुरे. चाके असलेली, वाजणारी, पडल्यावर टणत्कार करणारी कोणतीही वस्तू नको. मोबाइल तर नकोच. आवाज बंद केला तरी त्याचा उजेड मागच्या दोन ओळींतल्या सर्व मुलांचे लक्ष वेधून घेतो, आणि एकदा तो मिळाला, की पुढच्या रविवारी गीतपुस्तकाला काही किंमत उरत नाही.

खाऊ शक्यतो दोन वर्षांखालील मुलांपुरताच ठेवावा. केळे, मऊ बिस्कीट किंवा पोळीचा गुंडाळलेला तुकडा चालतो. शेंगदाणे, फुटाणे आणि गोळ्या श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो, म्हणून लहान मुलांना त्या देऊच नयेत. शेवेच्या पाकिटाबद्दल वेगळे सांगायला नको. त्या पाकिटाचा चुरचुराट मुलाच्या रडण्याहून दूरवर ऐकू जातो आणि बाकाच्या फटींतून शेव पुढच्या रविवारपर्यंत सापडत राहते.

बाहेर नेण्याची रीत

मूल मोठ्याने रडू लागले, तर बाहेर न्यावे, यात लाजण्यासारखे काही नाही. प्रश्न आहे तो बाहेर गेल्यावर काय करायचे याचा. मुलाला अंगणात सोडून दिले, तर दोनच रविवारांत ते शिकते, की रडले की खेळायला मिळते. म्हणून ठरवून केलेला फेरफटका आणि रडण्यामुळे बाहेर येणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. फेरफटक्यात मूल चालते, झाडे पाहते, पाणी पिते. रडण्यामुळे बाहेर आल्यावर मात्र त्याला कडेवरून खाली ठेवू नये. शांत जागी, न बोलता, पाठीवर हात फिरवत उभे राहावे, आणि हुंदके थांबले, की लगेच आत यावे. रागावू नये आणि लाडही करू नयेत. कंटाळवाणेपणा हेच इथले औषध आहे.

आत परत येणे आवश्यक आहे, मग शेवटच्या आशीर्वादासाठी का होईना. बाहेर गेले की उपासना संपली, असा समज एकदा पक्का झाला, की तो मोडायला महिने लागतात. बाहेर नेण्याचे काम आईबापांनी आलटून-पालटून करावे. आपल्याकडे ते गृहीत धरून आईवर टाकले जाते आणि बाबा संदेश ऐकत बसतात, ही रीत बदलायला हरकत नाही.

धाक कशाचा दाखवू नये

बाकावर मांडीला घेतलेला चिमटा, वटारलेले डोळे, 'पाळकसाहेब पकडून नेतील' किंवा 'येशूला तू आवडणार नाहीस' असली वाक्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. त्यांनी मूल त्या घटकेला गप्प बसते हे खरे, परंतु ज्या घरी ते यावे अशी आपली इच्छा आहे, त्या घराच्या मालकाबद्दलच त्याच्या मनात भीती बसते. मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात लोक बाळकांना घेऊन आले, तेव्हा त्यांना दटावणारे शिष्यच होते, आणि येशू रागावला तो त्या शिष्यांवर, मुलांवर नव्हे. त्याने मुलांना कवेत घेऊन आशीर्वाद दिला. हा प्रसंग आपण बाप्तिस्म्याच्या वेळी मोठ्या प्रेमाने वाचतो. तो बाप्तिस्म्यानंतरच्या सहा वर्षांतही लागू आहे.

चॉकलेटचे आमिषही असेच. शांत बसलास तर चॉकलेट, हा सौदा पहिल्या रविवारी एका चॉकलेटवर होतो आणि महिन्याभरात त्याची किंमत वाढते. याउलट उपासनेनंतर कुटुंबाने मिळून पोहे-जिलेबी खायला जाणे ही रविवारची रीत असावी, मूल कसेही वागले तरी. घरी परतताना नेमके कौतुक करावे : आज तू थैलीत पैसे नीट टाकलेस, आज तू आमेन सर्वांबरोबर म्हणालास. नुसते 'शहाणा आहेस' म्हटल्याने मुलाला पुढच्या वेळी काय करायचे ते कळत नाही.

काही मुलांना मोठा आवाज, गर्दी किंवा अनोळखी स्पर्श खरोखरच सोसत नाही. स्वमग्नता किंवा तशा अन्य कारणाने मुलाला वेगळी गरज असेल, तर कानावर ठेवायचे आवाजरोधक, ठरलेला एकच बाक आणि रिकाम्या चर्चमध्ये आठवड्यात एखाद्या वारी मारलेली फेरी यांचा उपयोग होतो. इतर सूचना अशा मुलावर लादू नयेत.

विशेष दिवस

झावळ्यांचा रविवार मुलांना सर्वांत मानवतो, कारण मिरवणूक असते आणि हातात झावळी असते. पुढच्या दहा मिनिटांत तिची तलवार होणार, हे धरून चालावे आणि आत बसताच ती मोठ्यांनी सांभाळायला घ्यावी. उत्तम शुक्रवारची तीन तासांची उपासना, बारा ते तीन, ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर असते; वधस्तंभावरील सात उद्गारांपैकी एक-दोन उद्गारांपुरते मुलाला आणावे आणि घरी न्यावे. नाताळच्या मध्यरात्रीच्या उपासनेला इंदूरची थंडी बोचरी असते. मूल झोपलेलेच आणायचे असेल, तर त्याला गुंडाळून आणावे, नाही तर २५ तारखेची सकाळची उपासना निवडावी. मेणबत्त्यांच्या उपासनेत पाच वर्षांखालील मुलाच्या हाती पेटती मेणबत्ती देऊ नये आणि नायलॉनचे झालरदार फ्रॉक त्या रात्री घालू नयेत.

मंडळीकडे काय मागावे

दोन-तीन महिने नियमित येऊन ओळखी झाल्या, की लहान मुलांचे चार-पाच पालक मिळून मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीकडे किंवा कॅथलिक असाल तर पॅरिश कौन्सिलकडे काही साध्या सोयी मागाव्यात. व्हरांड्यात एक छोटा ध्वनिक्षेपक लावला, तर बाहेर गेलेल्या आईला किंवा बाबांना संदेश ऐकू येतो. वेस्ट्रीच्या (पाळकांच्या तयारीच्या खोलीच्या) बाजूची एखादी खोली पडदा लावून स्तनपानासाठी मोकळी ठेवता येते. बाजूच्या दाराजवळचे दोन बाक लहान मुलांच्या कुटुंबांसाठी राखता येतात. संदेशापूर्वी मुलांना पुढे बोलावून पाच मिनिटांची गोष्ट सांगण्याची पद्धत अनेक मंडळ्यांत आहे. जिथे नाही, तिथे पाळकसाहेबांना ती सुचवावी, आणि ते काम संडेस्कूलच्या शिक्षिकांनी केले तरी चालते. मागणीबरोबर स्वतःचा वाटाही सांगावा, म्हणजे गोष्ट कोण सांगेल आणि खोली कोण झाडेल हे ठरवूनच जावे. अर्ज उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी दिला तर बरे, कारण सुट्टीतल्या बायबल शाळेसाठी खोल्या उघडल्या आणि झाडल्या जातात, तेव्हा त्यांतली एक पुढे वर्षभरासाठी मागून घेणे सोपे जाते.